गाडीचा हीटर गार मारतोय? डॅशबोर्ड खोलायच्या आधी ही टेम्परेचर गन घ्या

आधी निकाल सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच पाहिजे असतो. हजार रुपयांच्या आत मिळणारी साधी इन्फ्रारेड टेम्परेचर गन, बॉक्सवर रेंज −50 ते 380 डिग्री आणि 12:1 असं लिहिलेलं असतं ती, गाडीच्या हीटरचं दुखणं नेमकं कुठं आहे हे शोधायला एक नंबर आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क का कापला ते पुढं येईलच. घेताना फक्त एवढं बघा की ताप बघायची गन घेऊ नका, कोरोनात घराघरात आली ती, तिची रेंज माणसाच्या अंगापुरतीच असते, इंजिनसमोर धरली की नुसतं हाय दाखवते आणि संपलं. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या, ऑनलाइन फोटो बघून गडबड होते, त्यामुळं रेंज वाचूनच पैसे भरा.

आता निम्मे सातारकर म्हणणार की आपल्याकडं हीटर लागतोय कशाला, इथं उन्हाळ्यात एसीचं भागत नाही. हे मी इतक्या लोकांकडनं ऐकलंय की आता उत्तर तयारच आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 740 मीटरवर, आणि इथनं तासा-दीड तासात महाबळेश्वरला पोचलो की साडेतेराशे मीटर. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेक, लिंगमळा भागात पहाटे दव गोठतं, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो, पेपरात फोटो येतात. तरी थंडी सोडा, स्वेटर घालून निभतं. हीटरची खरी गरज आपल्याला पावसाळ्यात लागते. जुलैत कासच्या रस्त्याला किंवा ठोसेघरला जाताना बाहेर धुकं, आत चार माणसं ओल्या कपड्यांनी बसलेली, सगळ्यांच्या श्वासानं काच आतनं पांढरीफट, अशा वेळी हवा काचेवर सोडायची, एसी चालू ठेवायचा आणि नॉब गरमवर न्यायचा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, हीटर तीच हवा गरम करतो, आणि कोरडी गरम हवा काचेला लागली की बघता बघता समोरचं दिसायला लागतं. रिसर्क्युलेशनचं बटण मात्र बंद पाहिजे, नाहीतर तीच ओली हवा आतल्या आत फिरत राहते. हीटर मेलेला असला की माणूस एका हातानं फडकं फिरवत घाट चढतो, आणि वळणावर समोरनं एसटी येते. केळघर घाटात हे मी स्वतः बघितलंय, शेजारी बसून, आणि तेव्हापासनं माझ्यासाठी हीटर हा ब्रेक आणि वायपरच्या रांगेत आहे.

शिवाय हीटर चालवायला वेगळं पेट्रोल लागत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं, एसीसारखंच ॲव्हरेज पडतं असं समजून बंद ठेवतात. इंजिनात जळलेल्या पेट्रोलची साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा नुसती उष्णता होऊन कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, जाते, ती रेडिएटरमधनं बाहेर टाकलीच जाते. त्यातलंच थोडं गरम कूलंट दोन रबरी पाइपांनी डॅशबोर्डच्या मागं जातं, तिथं छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात, आपले मिस्त्री हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरनं हवा मारतो. आणि नॉब फिरवला की आत एक झडप हलते, हवा कॉइलवरनं जाऊ द्यायची का बाजूनं हे ती ठरवते. इतकंच आहे सगळं. म्हणजे हीटर गार मारतोय तर चारच शक्यता उरतात, इंजिनच गरम होत नाही, किंवा गरम पाणी कॉइलपर्यंत पोचत नाही, किंवा कॉइल आतनं बुजलीय, किंवा झडप हलत नाही. यातलं पहिलं आणि दुसरं डॅशबोर्ड न खोलता दुरुस्त होतं आणि तिसरं-चौथंही बहुतेक वेळा होतं, मला सांगायचंय ते हेच.

आमची गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हा गाडीचा दोष नाहीच, आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून चालवलेली, रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहासारखा रंग. हीटर नावाला कोमट. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी नॉब फिरवून व्हेंटसमोर, म्हणजे हवा येते त्या जाळीसमोर, हात धरला आणि सांगितलं की कॉइल गेली, डॅशबोर्ड खाली घ्यावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा, 12-14 हजार धरून चाला. बोनेट उघडलं नाही. पाइपाला हात लावला नाही. त्या माणसाचं बाकीचं काम चांगलं आहे म्हणून वाईट बोलत नाही, पण डॅशबोर्ड एकदा खोलला की शेकडो प्लास्टिकच्या क्लिपा आणि वायरी निघतात, त्यातल्या चार तुटतातच, आणि मग जन्मभर खडखडाट. ते करायच्या आधी कुणीतरी दहा मिनिटं तपासायला पाहिजे का नको? आमचे आप्पा रिटायर्ड एसटी वर्कशॉपवाले, ते ओट्यावर बसूनच म्हणाले, "आरं आधी दोन्ही पाइपाला हात लावून बघ की. एक गरम एक गार असंल तर कॉइल तुंबलीय, दोन्ही गार असतील तर वरनंच पाणी येईना. त्याला काय यंत्र लागतंय?"

आप्पांचं शंभर टक्के बरोबर आहे. हात लावून कळतं. पण 80 डिग्रीच्या पाइपाला हात किती वेळ धरणार, आणि शेजारीच रेडिएटरचा पंखा, जो गाडी बंद केल्यावरसुद्धा आपोआप फिरायला लागू शकतो. हाताला 60 आणि 80 दोन्ही सारखंच चटका बसल्यासारखं लागतं, फरक कळत नाही. गन इथं कामाला येते.

गन मला 900 च्या आसपास पडली, ऑनलाइन. साताऱ्यात राधिका रोडला इलेक्ट्रिकल-हार्डवेअरच्या दुकानांत विचारून बघा, एसीवाले आणि इलेक्ट्रिशियन वापरतात त्यामुळं कुणाकडं ना कुणाकडं असते. हातात घेतली की हलकी वाटते, प्लास्टिक साधं आहे, पण ट्रिगर चांगला, दाबला की लाल ठिपका पडतो आणि अर्ध्या सेकंदात आकडा येतो, सोडला की आकडा स्क्रीनवर थांबून राहतो, त्यामुळं बोनेटखाली वाकडंतिकडं हात घालून मोजायचं आणि बाहेर काढून वाचायचं असं जमतं. स्क्रीनला मागनं लाइट आहे, अंधाऱ्या पार्किंगमध्ये बरा पडतो. दोन छोट्या पेन्सिल सेलवर चालते.

एक गोष्ट मात्र समजून घेतल्याशिवाय वापरू नका. लाल ठिपका मोजत नाही, तो फक्त रोख दाखवतो. मोजणारा डोळा वेगळा, तो पुढं जाईल तसा पसरत जाणारा गोल बघतो. 12:1 म्हणजे 12 सेंटिमीटर लांबनं धरली तर 1 सेंटिमीटरचा गोल, 60 सेंटिमीटर लांबनं धरली तर 5 सेंटिमीटरचा. हीटरचा पाइप दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे लांबनं धरली की पाइपाबरोबर मागचा गार पत्रा आणि शेजारचं गरम इंजिन सगळ्याची सरासरी येते. दहा-पंधरा सेंटिमीटरवर न्या, मगच ट्रिगर. आणि चकचकीत धातूवर मारू नका, ॲल्युमिनियमचं थर्मोस्टॅट हाउसिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेचं घर, कडकडीत तापलेलं असताना ही 45 दाखवते, कारण चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. काळ्या रबरावर बरोबर येते. धातूवर मोजायचंच असेल तर थंड असताना काळी इन्सुलेशन टेप चिकटवून ठेवा आणि टेपवर मोजा.

सोबत मी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनरही वापरला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा, पाचशे-सातशेला मिळतो तो. आपल्याकडं एप्रिल 2013 पासनं नव्या गाड्यांना ओबीडी-2 आलं, त्यामुळं त्यानंतरच्या गाडीत स्टेअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं, तिथं लावायचा आणि मोबाइलवर कूलंटचं टेम्परेचर दिसतं. स्वस्तातले सगळेच धड चालतात असं नाही, आणि सॉकेटमध्ये लावून विसरलात तर बॅटरी हळूहळू खातो, पण इंजिन आतनं खरंच किती तापलंय हे सांगायला याच्यासारखं दुसरं काही नाही. डॅशबोर्डवरच्या काट्यावर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत तो मधोमध जाऊन बसतो आणि 75 असलं काय आणि 100 असलं काय, हलत नाही, आणि हल्ली तर काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा.

तर मोजमाप. सकाळी गाडी थंड असताना आधी कूलंटची पातळी बघितली, बाटलीतली आणि रेडिएटरमधली पण, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा हे होऊ शकतं. पातळी कमी असली तर बाकी काही करायच्या आधी ती भरा, हीटर गार मारायचं सगळ्यात कॉमन कारण तेच आहे. पाणी कमी पडलं की कॉइलपर्यंत पोचत नाही, आणि आयडलला गार, रेस केलं की थोडं गरम असा प्रकार दिसतो. आमची पातळी बरोबर होती. इंजिन चालू करून तापू दिलं, ओबीडीवर 91 आल्यावर नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर दोनवर, आणि इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात जे दोन पाइप शिरतात त्यांच्यावर गन. आत जाणारा 79. बाहेर येणारा 41.

41! चांगल्या कॉइलला हा फरक साधारण दहा-पंधरा डिग्रीचा असतो, इथं अडतीस. पाणी जातंय पण थेंब थेंब, आत गाळ बसलाय. आणि 91 च्या जागी पाइपावर 79 का, तर रबर उष्णता अडवतं, बाहेरचा पृष्ठभाग नेहमी आतल्या पाण्यापेक्षा थोडा गारच असतो. म्हणून आकड्यापेक्षा दोन पाइपांमधला फरक बघायचा.

ही गन मग आमच्या घरची राहिलीच नाही. वाईचे दाजी आले, त्यांची तक्रार वेगळी, "गावात हीटर बरा चालतो आणि हायवेला लागलं की गार पडतो, ॲव्हरेज पण पडलंय." त्यांच्या गाडीचा आत जाणारा पाइपच 50 च्या पुढं जाईना. मग रेडिएटरचा वरचा मोठा पाइप बघितला, इंजिन चालू केल्याबरोबर तोही हळूहळू कोमट होत चाललेला. तिथंच कळलं. थर्मोस्टॅटचं काम हे की इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरायचं. त्याच्यात मेणाची गोळी असते, साधारण 82 ते 88 डिग्रीला मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. झडप चांगली असेल तर वरचा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. दाजींची उघडीच अडकलेली, त्यामुळं पाणी सुरुवातीपासनं रेडिएटरमधनं फिरत होतं, आणि हायवेच्या वाऱ्यात इंजिन कधी नीट तापतच नव्हतं. ओबीडीवर अशा वेळी पी0128 हा, इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा, कोड बसू शकतो. थर्मोस्टॅट काही शेकड्यांत येतो, बदलायला तासभर. आणि कुणी "आपल्याकडं थर्मोस्टॅटची गरज नाही, काढून टाका" असं म्हणालं तर ऐकू नका हो, ही सवय आपल्याकडं फार जुनी आहे. इंजिन गार चालतं म्हणजे चांगलं चालतं असं नाही, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिनची झीज वाढते.

शेजारच्या काकांच्या गाडीचं तिसरंच निघालं. दोन्ही पाइप कडक गरम, फरक बारा डिग्री, म्हणजे कॉइल झकास, आणि व्हेंटमधनं हवा गार. काका म्हणाले, "मग काय आता?" मग झडप. साध्या एसीच्या गाडीत नॉबपासनं झडपेपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते, ती क्लिपमधनं सुटली होती. ग्लव्हबॉक्स काढला, खाली वाकून टॉर्च मारला, नॉब फिरवला तर केबल हलतीय पण दांडी जागेवरच. क्लिपमध्ये परत बसवली आणि काम झालं, एक रुपया खर्च नाही. क्लायमेट कंट्रोलवाल्या गाडीत केबलच्या जागी छोटी मोटर असते, ती आतनं टकटक वाजत असेल तर तिचा गिअर तुटलाय समजा. आणि ब्लोअरच फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल, एक-दोन-तीनवर बंद, तर तो ब्लोअरचा रझिस्टर, त्याच ग्लव्हबॉक्सच्या मागं असतो, त्यात गनचं काही काम नाही.

आता आमच्या कॉइलची सफाई, कारण यातच लोक घाबरतात आणि घाबरायचं कारणही आहे. गाडी पूर्ण गार पाहिजे, रात्रभर उभी असलेली बरी. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे सगळ्यांना माहीत असतं तरी दवाखान्यात अशा केसेस येतातच. रेडिएटरच्या खालनं कूलंट एका टबात काढलं. मग हीटरच्या दोन पाइपांवर रंगीत टेप लावून खूण केली आणि पकडीनं स्प्रिंगच्या क्लिपा दाबून मागं सरकवल्या. पाइप दहा वर्षं चिकटून बसलेला असतो, तो ओढायचा नाही. आधी गोल फिरवून सैल करायचा, मग हळू काढायचा, कारण कॉइलची नळी पातळ ॲल्युमिनियमची, ती वाकली किंवा चिरली तर मग खरंच डॅशबोर्ड खोलावा लागतो.

धुवायचं उलट्या दिशेनं. ज्या नळीतनं पाणी बाहेर येतं तिथं बागेचा पाइप लावायचा, म्हणजे गाळ ज्या वाटेनं आत आला त्याच वाटेनं परत जातो. दुसऱ्या नळीला जुना पाइप लावून बादलीत सोडला. वॉशिंग सेंटरचं प्रेशर इथं चुकूनही वापरू नका. आपल्या घराचा नळ पुरतो, आणि का पुरतो ते सांगतो. टाकी गच्चीवर, नळ खाली अंगणात, मधे सहा-सात मीटर उंची, दहा मीटरला एक बार या हिशोबानं दाब अर्ध्या-पाऊण बारच्या आसपास. रेडिएटरचं झाकण 0.9 किंवा 1.1 बारचं असतं, म्हणजे कॉइल रोज यापेक्षा जास्त दाब सोसतच असते. नळ हळू उघडला. आधी नुसतंच गढूळ पाणी, मग एक क्षण प्रवाह अडला, आणि भसकन् चॉकलेटी गाळाचा गोळा बादलीत पडला, त्यात पांढरे खपलीसारखे तुकडे. ते पांढरं म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार, घरातल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. आप्पांनी तो तुकडा बोटांत धरून चुरला आणि काही न बोलता आत जाऊन अजून एक बादली आणून ठेवली. मग दिशा बदलून, परत उलटं, असं पाणी अगदी नितळ येईपर्यंत. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून नळाचं पाणी ढकलून काढलं. पाइपात तोंडानं फुंकू नका, कूलंट विषारी असतं, उरलेलं पाणी काढायला सायकलचा पंप हलक्या हातानं चालतो.

ॲसिड, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड वगैरे घालायचा सल्ला खूप जण देतात. मी नाही घातलं. ॲल्युमिनियमची जुनी कॉइल, क्षारानंच एखादं बारीक भोक झाकलेलं असलं तर ॲसिड ते उघडं करणार. नुसत्या पाण्यानं साफ होत असेल तर तिथंच थांबावं हे माझं मत.

नवीन कूलंट भरताना मिक्सिंगचं बघा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, रेडी-टू-यूज असेल तर तसंच. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच, नुसता हिरवा-लाल-निळा रंग बघून घेऊ नका, रंगाला काही ठरलेला नियम नाही. कूलंट फक्त बर्फाच्या देशात लागतं असं समजणाऱ्यांसाठी एक आकडा, महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी 100 ला नाही तर 95-96 डिग्रीलाच उकळतं. झाकणाचा रबर गेलेला, आत नुसतं पाणी, आणि मे महिन्यात पसरणी घाट भरलेल्या गाडीनं चढायचा, मग वर बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतात त्या का दिसतात हे कळेल. झाकण मी नवीनच घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ एअर काढण्यात गेला आणि तो द्यायलाच पाहिजे, कारण भरताना आत हवा अडकली तर कॉइल कितीही साफ असली तरी हीटर गारच मारतो, आणि माणूस समजतो की सगळी मेहनत वाया गेली. मिस्त्री म्हणतात ना, एअर धरलीय, तेच. गाडी गेटच्या उतारावर तोंड वर करून लावली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. झाकण उघडं, नॉब पूर्ण गरमवर, इंजिन थंड स्थितीतच चालू केलं आणि आयडलला सोडलं. बुडबुडे येत राहतात, पातळी खाली जाते, थोडं थोडं भरायचं, अधनंमधनं वरचा पाइप हातानं दाबायचा, आता थंड असतो म्हणून हात लावता येतो. बुडबुडे थांबले, पातळी टिकली की पाणी तापून वर यायच्या आत झाकण बंद. काही गाड्यांना एअर काढायला वेगळा स्क्रू असतो, असेल तर काम अजून सोपं. सगळं भरून झाल्यावर आणि पातळी बरोबर असूनही बुडबुडे थांबतच नसतील, कूलंट आपोआप कमी होत असेल, मागनं पांढरा धूर येत असेल, तर ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग, गेल्याचं लक्षण असू शकतं, ते घरी करायचं काम नाही, सरळ चांगल्या मिस्त्रीकडं जा. तसंच पॅसेंजर बाजूचं कार्पेट ओलं, आत गोडसर वास आणि काचेवर चिकट धूर बसल्यासारखं दिसत असेल तर कॉइल गळतीय, ती धुऊन उपयोग नाही, बदलायलाच लागते.

आता नंतरचे आकडे. ओबीडी 90, आत जाणारा पाइप 80, बाहेर येणारा 69. अकरा डिग्री. व्हेंटची हवा आधी 34 होती ती 56 झाली.

आणि हा अर्धा मार्क इथंच कापला. ही गन हवा मोजू शकत नाही. व्हेंटवर मारली की ती व्हेंटच्या प्लास्टिकचं टेम्परेचर देते, जे तापायला वेळ लागतो, आणि जाळीच्या फटीतनं आत गेली तर भलतंच काहीतरी. मी व्हेंटच्या पट्टीवर काळी टेप लावून, पाच मिनिटं हवा चालू ठेवून मग टेप मोजली, तरी तो अंदाजच. हवाच मोजायची असेल तर वायरवाला प्रोब थर्मामीटर घ्या, दीड-दोनशेचा, तो व्हेंटमध्ये अडकवून ठेवता येतो. बाकी बारीकसारीक, सेलचं झाकण नाजूक आहे, युनिटचं बटण चुकून दाबलं जातं आणि अचानक 174 बघून माणूस दचकतो, ते फॅरेनहाइट असतं. लेझर मुलांच्या हातात देऊ नका, आमचं कार्टं मांजरावर मारत होतं, लगेच काढून घेतली.

सामानासाठी पोवई नाक्याच्या अलीकडल्या एका जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो होतो, त्यांचंही दोन ओळीत कौतुक करतो. काउंटरवरच्या मालकांनी गाडीचं वर्ष विचारलं, जुनं झाकण हातात घेऊन त्याच्यावरचा आकडा वाचला आणि तेवढ्याच बारचं दिलं, जास्तीचं महाग माथी मारलं नाही. मी नवीन हीटर पाइप मागत होतो तर जुना दाबून, वाकवून बघितला आणि म्हणाले, "अजून मऊ हाय, चिरा न्हाईत, कशाला पैसे घालवताय? क्लिपा तेवढ्या नव्या न्या." कूलंट, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, झाकण, क्लिपा सगळं मिळून बाराशेच्या आत बसलं, गनचे वेगळे. अशी दुकानं आहेत तोवर घरी काम करायला हिंमत येते, त्यांच्याकडनंच घेत चला.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका एवढी कळकळीची विनंती. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानंसुद्धा मरतात. मी टबातलं गाळून दोन जुन्या तेलाच्या कॅनमध्ये भरलं, झाकणं घट्ट लावली आणि वर मोठ्या अक्षरांत विष लिहिलं. एमआयडीसीकडच्या एका गॅरेजवाल्यांनी ते त्यांच्या जुन्या ऑइलच्या ड्रमशेजारी वेगळं ठेवून घेतलं, पैसे मागितले नाहीत, फक्त ऑइलमध्ये मिसळलेलं नाही ना एवढं विचारलं. तुमच्याकडं असं कुणी नसेल तर कॅन घरातच उंचावर, पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडापासनं लांब ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीबरोबर घेऊन जा.